पठणविषयक चिनी वाक्प्रचार
मोठ्याने वाचणे, मुखोद्गत करणे व म्हणून दाखवणे यांविषयीचे, बहुधा चार चिन्हांचे रूढ चिनी शब्दबंध (पहा : छंग्यू). पारंपरिक पाठशाळेत विद्यार्थी ग्रंथ मोठ्याने घोकत आणि गुरूकडे पाठ करून म्हणून दाखवत; १९०५ मध्ये राजसेवा परीक्षा (पहा : चीन–शिक्षण) बंद होईपर्यंत कन्फ्यूशियन ग्रंथांचे पाठांतर हाच शिक्षणाचा पाया होता. ‘ग्वो मू छंग सुंग’ म्हणजे नजर फिरताच मुखोद्गत होणे. ‘दाओ बेई रू लिऊ’ म्हणजे उलट क्रमानेही अस्खलित म्हणता येणे. ‘गुन ग्वा लान शू’मध्ये पक्क्या पाठांतराला पिकून गडगडणाऱ्या खरबुजाची उपमा आहे. सहज तोंडी बसणाऱ्या मजकुराला ‘लांग लांग शांग खोउ’ म्हणतात.

या शब्दबंधांचे महत्त्व केवळ स्मरणशक्तीच्या गौरवात नाही; अर्थ जाणून पठण करण्यावरही त्यांत भर आहे. ‘यौ खोउ वू शिन’ (तोंड आहे, मन नाही) हा शब्दबंध अर्थ न जाणता पोथी म्हणणाऱ्या बालभिक्षूविषयीच्या म्हणीत येतो. मुखाने पठण, मनाने चिंतन या अर्थाच्या ‘खोउ सुंग शिन वेई’चे मूळ लेखक हान यू (७६८–८२४) याच्या पत्रात आहे. नवकन्फ्यूशियन विचारवंत जू शी (११३०–१२००) याने वाचनात मन, डोळे व मुख तिन्ही आवश्यक मानून मनाला अग्रस्थान दिले (पहा : नवकन्फ्यूशियन मत).