काफिल्याच्या कडेनं

दिवाळी उलटली आणि भातं कापून झाली, की औंढ्याच्या बाजूनं धनगरांचे वाडे कोकणाकडे उतरायला लागतात. मेंढरं आपल्याच चालीनं जातात. बांधावर हिरवं काही दिसलं की सगळा कळप थबकतो. कुत्र्यांना मात्र थांबायला फुरसत नसते. एक पुढे पळत जाऊन ओढ्याकाठची झुडपं हुंगून येतं, दुसरं कळपाच्या डाव्या अंगाला मागंपुढं करत राहतं, मागं रेंगाळलेल्या कोकराकडे तिसऱ्याचं लक्ष असतं. कळपाचा एक कोस होतो तोवर कुत्र्यांची दोन-तीन कोसांची रपेट झालेली असते. युद्धकाळात व्यापारी जहाजांच्या सोबतीला निघालेली विनाशिका समुद्रावर नेमकं काय करते, असं कुणी विचारलं, तर मी आधी हे दृश्य सांगतो. समुद्रावरच्या सोबतीच्या या अभ्यासात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या वाचकालाही इथूनच आत घ्यावंसं वाटतं.

औंढ्यातून समुद्र दिसत नाही. लोणावळ्याचा हा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे; इथं येतं ते समुद्राचं पाणी पावसाच्या रूपानं. पण आरमाराचा आणि या डोंगराचा संबंध जुना आहे. 15 फेब्रुवारी 1945 रोजी, दुसरं महायुद्ध अजून चालू असताना, लोणावळ्यात ‘शिवाजी’ हा नौदलाचा तळ सुरू झाला. जहाजांची इंजिनं चालवणारे आणि दुरुस्त करणारे अधिकारी व खलाशी तेव्हापासून इथं तयार होतात. जहाजाला भोक पडलं तर काय करायचं, याचंही शिक्षण इथं मिळतं. हलत्या, झुकणाऱ्या बंद खोलीत फाटक्या पत्र्यातून पाणी जोरानं आत येतं, ते कमरेपर्यंत चढत असताना पोरं लाकडी खुंट्या ठोकून आणि आधाराच्या बल्ल्या लावून ते बंद करतात. समुद्रातली सोबत ही आधी इंजिनघरातली गोष्ट आहे, असं मी ठामपणे म्हणतो, ते या शेजारामुळे असेल.

आपल्याकडे आरमारी युद्ध म्हटलं की 4 डिसेंबर 1971 ची रात्र आठवते. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर केलेला हल्ला, आणि त्याची आठवण म्हणून दरवर्षीचा नौदल दिन. त्या रात्री ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ ही दोन जहाजंही या नौकांच्या सोबतीला होती, हे फार थोड्यांच्या लक्षात राहतं. यात दोष वाचकाचा नाही. हल्ल्याची गोष्ट सांगता येते. सोबतीची सांगायला कठीण, कारण ती नीट पार पडली तर सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं. जहाजाच्या नोंदवहीत दर तासाला दिशा, वेग, वारा आणि हवा एवढंच उतरतं. असली कोरडी पानं प्रेमानं वाचायला शिकणं, ही या अभ्यासाची पहिली पायरी.

शब्दापासूनच सुरुवात करू. ‘काफिला’ हा आपल्या रोजच्या वापरातला शब्द मूळचा अरबी. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीजही पश्चिम किनाऱ्यावर हाच शब्द वापरत. कानड्या किनाऱ्यावरून गोव्याला तांदूळ आणणारी गलबतं एकेकटी न सोडता ते त्यांचा काफिला करत आणि सोबत लढाऊ जहाजं देत. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा वाढला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनाही आपल्या व्यापारी गलबतांबरोबर तोफांची जहाजं धाडावी लागली. ज्याच्यापासून राखायचं तोही आपल्याच किनाऱ्यावरचा होता, हे मराठी वाचकानं विसरू नये. काफिल्याचा इतिहास आपण दोन्ही बाजूंनी वाचू शकतो.

विसाव्या शतकात धोका पाण्याखाली गेला. एकट्या एप्रिल 1917 मध्ये जर्मन पाणबुड्यांच्या धडाक्यात दोस्तांची आणि तटस्थ देशांची मिळून आठ लाख टनांहून जास्त जहाजं बुडाली. तोवर काफिल्याला नाकं मुरडणारं ब्रिटिश नौदल त्यानंतर त्याकडे वळलं. विरोधकांचा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा होता: जहाजं एकत्र केली म्हणजे शत्रूला आयतं मोठं लक्ष्य मिळणार. प्रत्यक्षात समुद्र एवढा मोठा आहे, की चाळीस जहाजांचा घोळका पाणबुडीला एकट्या जहाजापेक्षा फारसा लवकर सापडत नाही. आणि बाकीचा समुद्र तिच्यासाठी ओस पडतो. दुसऱ्या महायुद्धात पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब आणखी पुढे नेला. चाळीसऐवजी ऐंशी जहाजांचा काफिला केला तर त्याचा घेर सुमारे एक-सप्तमांशानंच वाढतो, म्हणून तेवढ्याच राखणदारांत दुप्पट जहाजं जवळजवळ तितकीच सुरक्षित राहतात. अंगणाला कुंपण घालणाऱ्या कुणालाही हे पटेल. हाच ब्लॅकेट 1948 मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारला संरक्षणाबाबत सल्ला द्यायला आला होता.

आता राखणदार जहाजांची फळी कशी लावतात ते पाहू, कारण अभ्यासाचं खरं मर्म इथं आहे. त्या काळातली पाणबुडी पाण्याखाली मंद चाले. बॅटरीवर फार तर सात-आठ नॉट, तेही थोडाच वेळ. काफिल्यामागून येऊन त्याला गाठणं तिला जमत नसे, म्हणून ती आधीच पुढे जाऊन दबा धरून बसे. साहजिकच राखण करणारी जहाजं काफिल्याच्या पुढच्या बाजूला आणि दोन्ही खांद्यांवर कमानीसारखी पसरत. प्रत्येकाला ठरलेली जागा, आणि त्या जागेत सतत नागमोडी चाल. पाण्यात आवाजाचा ठोका सोडायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा, हे सोनारचं काम. हा कान नाजूक असतो. जहाज जोरात पळालं, तर स्वतःच्याच पाण्याच्या खळखळाटात तो बहिरा होतो. उष्ण समुद्रात वरचं तापलेलं पाणी आणि खालचं गार पाणी यांच्या सीमेवर आवाज वाकतो, आणि त्या थराखाली पाणबुडी निवांत लपते. अरबी समुद्रात सोनारवर बसणाऱ्या प्रत्येक खलाशाची गाठ या थराशी पडते. त्यात पाणबुडी अगदी जवळ आली, की जुन्या सोनारला ती ऐकूच येत नसे. पाण्याखाली फुटणारे डेप्थ चार्ज मागच्या बाजूनं टाकायचे, म्हणजे शेवटचे काही क्षण अंदाजावरच.

एवढी धावपळ करायची तर तेल लागतं. विनाशिका मुळात वेगासाठी बांधलेली. पोटात बॉयलर आणि टर्बाइनची दाटी, तेलाच्या टाक्यांना जागा बेताची. आठ-नऊ नॉटनं रखडणाऱ्या मालवाहू जहाजांभोवती घिरट्या घालताना तिचं तेल भराभर संपतं. अटलांटिकमध्ये कित्येक विनाशिकांना ऐन वेळी काफिला सोडून तेलासाठी बंदर गाठावं लागलं. तोफांचे आकडे पाठ करण्याआधी नवशिक्यानं तेलाचा हिशेब शिकावा, हा माझा आग्रह आहे.

या कामात आपली माणसं कुठं होती? ‘कोकण’, ‘डेक्कन’, ‘गोदावरी’ ही नावं घेऊन हिंदी नौदलाची जहाजं तेव्हा समुद्रावर होती. रत्नागिरीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या नौदलात आणि आगबोटींवर चाकरीला होती. 11 नोव्हेंबर 1942 रोजी हिंदी महासागरात ‘बेंगॉल’ ही छोटी सुरुंगशोधक नौका ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीला असताना समोरून दोन मोठी, कितीतरी जास्त तोफांची जपानी जहाजं आली. ‘बेंगॉल’नं तेलवाहू जहाजाला निघून जायला सांगितलं आणि स्वतः शत्रूकडे तोंड वळवलं. ‘ओंडिना’ गेली नाही, तीही लढली. दोघांपैकी एक जपानी जहाज बुडालं आणि ही दोन्ही जहाजं वेगवेगळ्या वाटांनी बंदराला लागली.

दुसरी गोष्ट सांगताना माझा हात आजही जड होतो. 12 फेब्रुवारी 1944 रोजी मालदीवजवळ ‘खेदिव इस्माइल’ हे सैनिक आणि परिचारिका नेणारं जहाज जपानी पाणबुडीचे पाणतीर लागून दोन मिनिटांच्या आत बुडालं. बाराशेंहून अधिक माणसं गेली. काफिल्यातली बाकीची जहाजं न थांबता पुढे निघाली, कारण नियमच तसा होता. ‘पॅलाडिन’ आणि ‘पेटार्ड’ या दोन विनाशिका मागं राहिल्या. पाण्यात तरंगत असलेल्या माणसांच्या जवळच पाणबुडी दडली होती, आणि माणसं पाण्यात असतानाच डेप्थ चार्ज टाकले गेले. पाणबुडी शेवटी बुडवली गेली. तो निर्णय बरोबर की चूक, याचा निकाल मी देत नाही. पण ज्याला हा प्रश्न रात्री जागवत नाही त्यानं या विषयाकडे नुसत्या कौतुकानं पाहू नये.

1971 च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धाच्या वेळी ‘विक्रांत’ या आपल्या विमानवाहू जहाजाचा एक बॉयलर तडकलेला होता आणि तिचा वेग त्यामुळे घटला होता. विमानं वाहणाऱ्या मंद जहाजाइतकं पाणबुडीला आवडणारं सावज नाही. ‘विक्रांत’ला अंदमानच्या बाजूला दूर ठेवलं गेलं, आणि 1942 मध्ये बांधलेल्या ‘राजपूत’ या म्हाताऱ्या विनाशिकेला विशाखापट्टणमच्या बाजूला ‘विक्रांत’ असल्याचा आभास निर्माण करायला लावलं. ती बिनतारी संदेश असे पाठवत राहिली, जणू मोठं जहाज तिथंच आहे. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी तिथंच आली आणि 3 डिसेंबरच्या रात्री तिथंच बुडाली; ‘राजपूत’च्या डेप्थ चार्जमुळे की पाणबुडीतल्या किंवा सुरुंगाच्या स्फोटानं, यावर दोन्ही देशांचं एकमत नाही. फळी म्हणजे लोखंडाचीच असावी लागत नाही, संदेशांचीही लावता येते, हे मात्र त्यातून दिसलं. सहा दिवसांनी, 9 डिसेंबरला दीवजवळ पाणबुडीच्या शोधात असलेली आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका त्याच पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता गेले. 18 अधिकारी आणि 176 खलाशी परतले नाहीत. मंद वेग, अरबी समुद्राचं पाणी आणि शांत पाणबुडी या तीनही गोष्टी वर सांगितल्या आहेत. त्या इथं एकत्र आल्या.

हे सारं जुनं झालं असं वाटू नये. जून 2019 मध्ये ओमानच्या आखातात तेलवाहू जहाजांवर हल्ले झाले, तेव्हा ‘ऑपरेशन संकल्प’खाली विनाशिका ‘चेन्नई’ तिथं गेली आणि भारतीय ध्वजाच्या जहाजांना होर्मुझच्या सामुद्रधुनीतून सोबत सुरू झाली. देशात स्वयंपाकाला लागणाऱ्या गॅसचा मोठा भाग त्याच वाटेनं येतो. सकाळी सिलिंडरची गाडी येऊन औंढ्यात भोंगा वाजवते, तेव्हा त्या वाटेवरच्या कुठल्याशा जहाजाच्या नोंदवहीत दिशा, वेग, वारा आणि हवा एवढंच लिहिलेलं असतं. या पानांपुढची प्रकरणं वाचताना हिंदी महासागराचा नकाशा शेजारी उघडून ठेवा.