यजमान आणि घरातील माणसे

दाराशी आलेल्या पाहुण्याचे स्वागत करणाऱ्या आपल्या मराठी मुलखात 'घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे' ही म्हणही जन्मली, आणि 'ऋण काढून सण करू नये' हा उपदेशही. दोन्हींतील बोल पाहुण्याचे नव्हेत, घरातील माणसांचे आहेत. आंतरराष्ट्रीय क्रीडासोहळ्यांच्या इतिहासात मात्र हा घरातला आवाज फार उशिरा ऐकू येतो. आधी निमंत्रणपत्रिका निघते, मग घरच्यांना विचारले जाते. पुष्कळदा तेवढेही होत नाही. नोकरीच्या निमित्ताने बेंगळूरास येऊन स्थिरावलेल्या आम्हां मराठी मंडळींसमोर २०२५ साली हा प्रश्न फार दुःखद रीतीने उभा राहिला. त्या निमित्ताने थोडे मागे वळून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

स्वतंत्र भारताने असे पहिले मोठे यजमानपद भूषविले ते दिल्लीस, आशियाई क्रीडास्पर्धांच्या रूपाने. प्रा. गुरुदत्त सोंधी यांच्या पुढाकारातून सिद्ध झालेल्या या स्पर्धा १९५० सालीच व्हावयाच्या होत्या. परंतु तयारी पुरी न झाल्यामुळे त्या लांबल्या आणि ४ ते ११ मार्च १९५१ या दिवसांत पार पडल्या. फाळणीची जखम ओली होती, निर्वासितांचे संसार पुरते उभे राहिले नव्हते. तरीही ११ देशांचे खेळाडू आले. यजमानाने नवे क्रीडागृह बांधण्याचा हट्ट धरला नाही. १९३३ साली उभारलेल्या इर्विन ॲम्फिथिएटरलाच राष्ट्रीय क्रीडांगणाचे रूप देण्यात आले. घरात होते त्यातच साजरा केलेला हा सण होता. नवस्वतंत्र राष्ट्राला चार पाहुण्यांत उभे राहण्याची हौस होती, आणि ती हौस बेताच्या खर्चात भागली.

त्याच दिल्लीने १९८२ साली पुन्हा आशियाई स्पर्धा भरविल्या तेव्हा मामला निराळा होता. नवी क्रीडागृहे, उड्डाणपूल, खेळाडूंसाठी वसाहत अशी बांधकामांची झुंबड उडाली होती, आणि गरीब देशाने एवढा खर्च करावा काय, असा वादही माजला होता. या बांधकामांवर राबणाऱ्या मजुरांना किमान वेतनही पुरते मिळत नाही, अशी तक्रार लोकशाही हक्कांसाठी झटणाऱ्या एका संघटनेने पत्राने सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती भगवती यांच्याकडे केली. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. स्पर्धा सुरू होण्यास दोन महिने असताना, सप्टेंबर १९८२ मध्ये निर्णय झाला: किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करवून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारीच होय. आमच्यासारख्या आयुष्यभर टपाल नोंदविणाऱ्या कारकुनांस या घटनेचे विशेष अप्रूप वाटते. लोकमताला वाट हवी होती. ती एका साध्या पत्राने मिळाली. त्या क्रीडासोहळ्यातील पदकांची यादी आज फारशी कोणास आठवत नाही. तो निकाल मात्र कायद्याच्या विद्यार्थ्यांस अजून अभ्यासावा लागतो.

क्रिकेटच्या विश्वचषकाची कथा याहून वेगळी, कारण तेथे अगोदर मानापमानाचा प्रश्न होता. १९७५, १९७९ आणि १९८३ या तिन्ही वेळी यजमानपद इंग्लंडकडेच होते. १९८३ च्या अंतिम सामन्याची जादा तिकिटे मागितली असता ती नाकारण्यात आली, ही हकीकत क्रिकेट नियामक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष, नागपूरचे एन. के. पी. साळवे यांनीच पुढे सांगितली. त्या सलातून, पाकिस्तानच्या नूर खान यांच्या साथीने, विश्वचषक उपखंडात आणण्याचा घाट घातला गेला, आणि १९८७ साली तो तडीसही गेला. येथील दिवस इंग्लंडमधील उन्हाळ्याच्या दिवसाहून लहान, म्हणून ६० षटकांचा डाव ५० षटकांवर आला. तो पुढे कायमचाच झाला. १४ ऑक्टोबरला बेंगळूरच्या चिन्नास्वामी क्रीडांगणावर भारताने न्यूझीलंडला १६ धावांनी हरविले. ३१ ऑक्टोबरला साळव्यांच्या नागपुरात सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतील आपले एकमेव शतक झळकाविले. त्या वेळी लोकमत विचारण्याची कोणास गरज भासली नाही, कारण ते उघडच यजमानाच्या बाजूचे होते. अपमानाची भरपाई झाल्याचा आनंद खर्चाचा हिशेब मागत नसतो.

परंतु तेच लोकमत किती झटकन कूस पालटते, हे बेंगळूरने १९९६ या एकाच वर्षात पाहिले. ९ मार्चला चिन्नास्वामीवर नव्या दिव्यांच्या झोतात विश्वचषकाचा भारत-पाकिस्तान उपउपांत्य सामना झाला. भारत ३९ धावांनी जिंकला आणि शहराने रात्र डोक्यावर घेतली. पुढे २३ नोव्हेंबरला त्याच क्रीडांगणावर जागतिक सौंदर्यस्पर्धा भरली. ती क्रीडास्पर्धा नव्हे हे खरे. पण यजमानपदाची कसोटी तीच होती. रयत संघाचे नंजुंडस्वामी, महिला संघटना आणि संस्कृतीचा कैवार घेणारे पक्ष, एरवी एका पंगतीस न बसणारे हे लोक विरोधात एकवटले. पोहण्याच्या पोशाखातील फेरी तर सेशेल्स बेटांवर न्यावी लागली, आणि उरलेला सोहळा कडेकोट बंदोबस्तात पार पडला. 'आमच्या घरात काय व्हावे, हे आम्हांस आधी का विचारले नाही?' हा सवाल, कारणे परस्परविरोधी असली तरी, सर्वांचा समान होता.

आणि मग २०२५ साल उजाडले. ४ जून रोजी, शहराच्या क्रिकेट संघाने आयपीएलचे पहिले विजेतेपद मिळविल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सत्कारासाठी लोटलेल्या गर्दीत चिन्नास्वामीच्या दारांशी चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा बळी गेला. सुमारे ३५ हजार प्रेक्षकांच्या जागेपुढे लाखोंचा समुदाय जमला होता. न्यायमूर्ती डिकुन्हा यांच्या चौकशी आयोगाने एवढ्या मोठ्या समुदायास ही जागा सुरक्षित नसल्याचा निष्कर्ष काढला. महिलांच्या विश्वचषकाचे सामने येथे व्हावयाचे होते. पोलिसांची परवानगी न मिळाल्याने ते ऑगस्टमध्ये नवी मुंबईकडे वळविण्यात आले. २ नोव्हेंबरला तेथेच भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी नमवून विश्वचषक जिंकला.

आमच्या कचेरीत त्या दिवसांत दोन तट पडले. शहराची अब्रू गेली, असे काहींचे म्हणणे. ज्या दारात अकरा माणसे गेली, तेथे चार महिन्यांत मंडप घालणे शोभले नसते, असे इतरांचे. महाराष्ट्रात सामने गेले म्हणून आम्हां मराठी मंडळींचे कोणी हसत अभिनंदनही केले. ते आम्हांस स्वीकारवेना. बेंगळूर ही एके काळी शहाजीराजांची जहागीर. आज ती आमच्या मुलांची शाळा आणि आमची भाकरी आहे. येथील दुःख आम्हांस परक्याचे वाटत नाही.

घरच्यांना आधी विचारण्याची रीत जगात अगदीच अपरिचित नाही. १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद डेन्व्हर शहरास मिळाले होते. १९७२ साली कोलोरॅडोच्या मतदारांनी त्यावर खर्च करण्यास नकार दिला आणि स्पर्धा इन्सब्रुकला गेल्या. २०१५ साली हांबुर्गच्या नागरिकांनीही कौल घेऊन ऑलिंपिकचा बेत मोडला.

आम्ही यजमानपदाचे वैरी नव्हे. १९९७ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी कोरमंगलात उभ्या राहिलेल्या इमारतींत पुढे कुटुंबांनी संसार थाटले. सण सरल्यावर घरच्यांच्या पदरात काही पडावे, याचा तो पुरावा आहे. आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादेस व्हावयाच्या आहेत आणि २०३६ च्या ऑलिंपिकचीही आस धरली गेली आहे. अशा वेळी मजुराचे वेतन काय, कर्जाचा हप्ता कोणाच्या माथी, आणि दाराबाहेर किती माणसे उभी राहतील, ही तीन उत्तरे निमंत्रणापूर्वीच लोकांपुढे मांडली जावीत, एवढीच आमची मागणी आहे. १९८२ साली त्यांतील पहिल्या प्रश्नाला एका पत्राने वाचा फोडली. तिसऱ्या प्रश्नाचे असे पत्र २०२५ च्या मे महिन्यात कोणी लिहिले असते, आणि कोणी ते वाचले असते, तर ४ जूनची ती संध्याकाळ या शहराने निव्वळ आनंदात घालविली असती.