एका युगुलगीताची मालकी

काळ्यांचे संगीत गोऱ्यांनी लुटले, हे वाक्य मी अभ्यासवर्गांतून अनेकदा बोललो आहे. ते खोटे नाही. लिटल रिचर्डचे ‘टुटी फ्रुटी’ पॅट बूनने १९५६ साली सोज्वळ करून गायले आणि लोकप्रियतेच्या यादीत मूळ रेकॉर्डच्या वर नेले. पण ‘लव्ह इज स्ट्रेंज’ या युगुलगीताची हकीकत कळल्यापासून ते वाक्य मला अपुरे वाटू लागले आहे.

मिकी बेकर आणि सिल्व्हिया व्हँडरपूल, दोघेही काळे. सिल्व्हिया गिटार शिकली तीही मिकीकडेच. १९५६ साली आर. सी. ए. व्हिक्टरच्या ‘ग्रूव्ह’ या शाखेसाठी त्यांनी हे गाणे मुद्रित केले. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत ते पहिले आले, सर्वसाधारण यादीत अकरावे. (पहिल्या यादीचे नाव १९४९ पर्यंत ‘रेस रेकॉर्ड्स’ होते. नाव बदलले, कुंपण तेच राहिले.) गाणे मध्येच थांबते, दोघे लाडिक बोलतात आणि गिटार पुन्हा उसळते. लोकांच्या कानात बसली ती ही गिटार.

ती सुरावट जोडी विल्यम्स या शिकागोच्या काळ्या वादकाची. १९५६ मध्येच ‘चेस’ कंपनीने काढलेल्या ‘बिलीज ब्लूज’ या रेकॉर्डवर त्याने ती वाजवली होती. रेकॉर्डवर नाव गायक बिली स्टुअर्टचे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड थिएटरात आपण ती वाजवत असता मिकी-सिल्व्हियाने ऐकली, असे विल्यम्स पुढे सांगत असे. शब्दांत बो डिडलीचा हात होता, पण त्याचे प्रकाशकाशी बिनसलेले. म्हणून कागदोपत्री नाव लागले बायकोचे, एथेल स्मिथचे. तिच्या जोडीला मिकी आणि सिल्व्हिया. विल्यम्सचे नाव कोठेच नाही.

वाद कोर्टात गेला. १९६१ साली तो मिटला तेव्हा विल्यम्सला श्रेय मिळाले नाही, पैसाही नाही. त्या वेळी अमेरिकेत १९०९ चा कायदा चाले. कागदावर नोंदलेली रचना त्याला दिसे. बोटांतून निघालेला सूर दिसत नसे. रेकॉर्डवरच्या ध्वनीला तिथल्या केंद्रीय कायद्याने संरक्षण दिले ते १९७२ पासून. हातात कसब असलेल्यांपाशी कागद नसतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

मग आवृत्त्यांची रांग लागली. १९६५ मध्ये एव्हर्ली बंधू, १९६७ मध्ये पीचेस आणि हर्ब, १९७१ मध्ये पॉल मॅकार्टनीचे ‘विंग्ज’. १९८७ च्या ‘डर्टी डान्सिंग’ चित्रपटात मूळ रेकॉर्डच वाजली. प्रत्येक वेळी रचनेचा मोबदला कागदावरच्या नावांकडे जाणार. विल्यम्सने संगीत सोडले, झेरॉक्स कंपनीत तंत्रज्ञाची नोकरी धरली. गिटार पलंगाखाली.

आणि सिल्व्हिया? लग्नानंतर ती सिल्व्हिया रॉबिन्सन झाली. तिच्याच ‘शुगर हिल’ कंपनीने १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ काढून रॅप देशभर पोचवले. त्यात ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉंक्सच्या काळ्या पोराच्या ओळी आल्या. श्रेयात त्याचे नाव नव्हते. या बाईचे कर्तृत्व मी नाकारत नाही. पुरुषी धंद्यात तिने कंपनी उभी केली. पण विल्यम्सच्या बाबतीत घडले तेच कॅझच्या बाबतीतही घडले, आणि ते एका काळ्या मालकिणीच्या कंपनीत. अभ्यासवर्गात हे सांगताना माझी जीभ अडखळते, तरी सांगतो.

विल्यम्स उतारवयात पुन्हा वाजवू लागला. २००२ साली त्याच्या नावाचा अल्बम आला. बो डिडलीने १९५६ च्या मे महिन्यात, मिकी-सिल्व्हियाच्या आधी, हेच गाणे मुद्रित केले होते. गिटारवर विल्यम्सच होता. ती फीत २००७ साली बाहेर आली.