नाकापासून कण्यापर्यंत

नाशिकच्या नांवाची कथा महाराष्ट्रांतील लहान मुलासही ठाऊक आहे. पंचवटींत लक्ष्मणानें शूर्पणखेचें नाक कापलें, म्हणून या क्षेत्रास नासिक असें नांव पडलें, असें गोदातीरीं यात्रेकरूंस अजूनही सांगण्यांत येतें. नऊ शिखरांवरून हें नांव आलें असें मानणारा दुसराही एक पक्ष आहे. आणि पांडवलेण्यांतील सातवाहनकालीन शिलालेखांत हें नांव आढळत असल्यामुळें तें सुमारें दोन हजार वर्षें तरी चालत आलें आहे, यांत संशय नाहीं. व्युत्पत्तीचा वाद आम्ही पंडितांवर सोपवितों. आम्हांस या कथेविषयीं वेगळेंच कुतूहल आहे. कापलेलें नाक पुन्हां उभें करतां येतें काय, हा प्रश्न या देशांत फार प्राचीन काळीं विचारला गेला; आणि त्याच्या उत्तरापासून निघालेली एक वाट आज पाठीच्या कण्यांतील झिजलेल्या गाद्यांपर्यंत येऊन पोहोंचली आहे. ती वाट वाचकांस दाखवावी, एवढाच या लेखाचा हेतु.

सुश्रुतसंहितेंत छिन्न नासिकेच्या संधानाचा विधि दिलेला आहे. नाकाच्या मापाचें झाडाचें पान घ्यावें, तेवढाच भाग गालावरून सोडवावा, परंतु त्याचें एक टोंक जोडलेलें राहूं द्यावें, आणि मग तो नाकावर बसवावा, असें त्यांत सांगितलें आहे. ही विद्या केवळ पोथींत राहिली नाहीं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन' मासिकाच्या ऑक्टोबर 1794 च्या अंकांत एक पत्र छापलें आहे, त्यांत कावसजी या नांवाच्या मराठा माणसाची हकीकत आहे. 1792 च्या टिपूवरील मोहिमेंत तो इंग्रज फौजेचे बैल हांकीत असे. शत्रूच्या हातीं सांपडल्यावर त्याचें नाक व एक हात तोडण्यांत आला. सुमारें वर्षभर तो तसाच राहिला. पुढें पुण्याजवळील एका माणसानें त्यास नवें नाक बसवून दिलें. हा माणूस राजवैद्य नव्हता. तो विटा पाडणाऱ्यांच्या जातींतला, म्हणजे बहुधा कुंभार होता. पत्रलेखकानें कावसजीचें नांव जपलें, ही क्रिया स्वतः पाहणाऱ्या क्रूसो व फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांचींही नांवें दिलीं. नाक करणाऱ्याचें नांव मात्र लिहिलें नाहीं.

त्याची कृति अशी. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागीं बसवून माप घ्यावयाचें. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व भोंवतीं रेघ ओढावयाची. तेवढें कातडें सोडवावयाचें, मात्र दोन डोळ्यांच्या मध्यें एक चिंचोळी पट्टी अखंड ठेवावयाची. मग तें कातडें फिरवून खालीं आणावयाचें व काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्यांनीं बसवावयाचें. चार दिवसांनीं त्या काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं ठेवावयाचीं. डोळ्यांमधील ती पट्टी सुमारें पंचविसाव्या दिवशीं कापावयाची. त्याच्या आधीं नाहीं.

या पंचवीस दिवसांतच सर्व मर्म आहे. कपाळाचें कातडें नव्या जागीं नुसतें चिकटवून तें जगत नाहीं. नवी जागा त्यास रक्त पुरवूं लागेपर्यंत जुन्या जागेनें त्यास पोसावें लागतें. त्या कारागिरास रक्ताभिसरणाची परिभाषा ठाऊक नसेल, पण पोषणाची सोय लागल्यावांचून नवा अवयव रुजत नाहीं, हें त्याचे हात जाणत होते. याच वृत्तांतावरून स्फूर्ति घेऊन 1814 सालीं लंडनमध्यें कार्प्यू या शस्त्रवैद्यानें ही क्रिया केली, 1816 सालीं तिच्यावर पुस्तक लिहिलें, आणि यूरोपांत ती 'हिंदी पद्धति' म्हणून प्रसिद्ध झाली.

आतां नाकावरून पाठीकडे वळूं. आपल्या कण्याच्या मणक्यांमध्यें 23 गाद्या असतात. प्रत्येक गादीच्या पोटांत पाणी धरून ठेवणारा मऊ गर, आणि त्याभोंवतीं चिवट तंतूंचीं कडीं. दिवसभराच्या भारानें त्यांतील थोडें पाणी पिळून निघतें व रात्रीं पुन्हां भरतें. म्हणून सकाळीं आपण संध्याकाळपेक्षां किंचित् उंच असतों. वय वाढतें तसें ही पाणी धरण्याची शक्ति ओसरते. घरांतील दबलेली गादी पिंजारी पिंजून पुन्हां फुगवून देतो. कण्याच्या गादीस असा पिंजारी मिळेल काय, हाच आजचा प्रश्न आहे.

विसाव्या शतकानें प्रथम काढून टाकण्याचाच मार्ग धरला. 1934 सालीं बोस्टनच्या मिक्स्टर व बार यांनीं, फाटून बाहेर आलेली गादी मज्जातंतूंवर दाब आणते व त्यामुळें पायांत कळा येतात, हें दाखवून दिलें. तेव्हांपासून तो तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. 1964 सालीं लायमन स्मिथ यांनीं पपईच्या चिकांतील एक द्रव्य टोंचून गर विरघळविण्याचा उपाय प्रसिद्ध केला. कांहीं काळ तो बराच चालला, पण त्यानें क्वचित् भयंकर प्रतिक्रिया उद्भवत, आणि पुढें तो मागें पडला. दाब हटविण्यास हे उपाय उपयोगी पडले, परंतु झिजलेली गादी पुन्हां घडविण्याचें काम त्यांपैकीं एकाचेंही नव्हतें.

घडविण्याची आशा पेशींनीं दाखविली. 1994 सालीं स्वीडनमध्यें 23 रुग्णांच्या गुडघ्यांत त्यांच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून घातल्याचें प्रसिद्ध झालें. आणि येथें नाकाची कथा पुन्हां समोर येते! स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनीं नाकाच्या पडद्यांतील कूर्चेच्या पेशी घेऊन, त्यांपासून बनविलेल्या कूर्चेनें कर्करोगामुळें नाकाचा भाग गमावलेल्या 5 जणांचीं नाकें दुरुस्त केल्याचें 2014 सालीं, व 10 जणांच्या गुडघ्यांत ती बसविल्याचें 2016 सालीं जाहीर केलें. 2019 सालीं त्यांनीं झिजलेल्या गादीसारखी परिस्थिति प्रयोगशाळेंत निर्माण करून, नाकाच्या पेशी तींत कितपत तग धरतात तें तपासलें. नाकाच्या तुकड्यानें कण्यास आधार द्यावा, ही कल्पना आतां केवळ कविकल्पना राहिलेली नाहीं.

तथापि उतावळेपणास येथें जागा नाहीं. प्रौढ माणसाच्या शरीरांत रक्तवाहिन्यांवांचून जगणारा सर्वांत मोठा भाग म्हणजे हीच गादी होय. तिचें अन्न व प्राणवायु शेजारच्या मणक्यांतून झिरपत येतात, आणि वयपरत्वें ती वाटही अरुंद होते. अशा उपाशी जागीं लक्षावधि नव्या पेशी सोडणें म्हणजे दुष्काळी गांवांत पाहुण्यांची पंगत बसविणें होय. पुण्याच्या कारागिराजवळ डोळ्यांमधील ती पट्टी होती. कण्याच्या गादीसाठीं तशी पट्टी अद्याप कोणास सांपडलेली नाहीं. दुसऱ्यांच्या अस्थिमज्जेपासून वाढविलेल्या पेशींची 404 रुग्णांवर मोठी चांचणी झाली. तिचा निष्कर्ष 2021 सालीं बाहेर आला, तो असा कीं, वेदनेंत कांहीं उतार दिसला, पण यशाची जी मुख्य कसोटी आधीं ठरविली होती तिला हा उपाय उतरला नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. पाठ मुळींच दुखत नाहीं अशा 3,110 माणसांच्या तपासण्यांचा आढावा 2015 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत विशींतील 37 टक्के व ऐंशींतील 96 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. म्हणजे चित्रांत दिसणारी झीज हेंच दुखण्याचें मूळ, असें सरसकट म्हणतां येत नाहीं. पुष्कळदां योग्य व्यायाम, हालचाल व धीर यांनींच काम भागतें.

हें सर्व सांगण्याचें कारण घरगुतीच आहे. लासलगांव-निफाडकडे दिवसभर वांकून कांद्याचीं रोपें लावणाऱ्या बायकांपासून शहरांतील कचेऱ्यांत बसणाऱ्या कारकुनांपर्यंत कंबरदुखी कोणास सोडीत नाहीं. आणि दुखणाईत माणूस आशेच्या मोलानें वाटेल तें विकत घेतो. 'मूलपेशी' हा शब्द आज त्या आशेचा धनी झाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनीं, मान्यता पावलेले उपयोग सोडून मूलपेशींचा इतर सर्व वापर रीतसर चांचणींतच झाला पाहिजे, असें स्पष्ट बजाविलें आहे. तेव्हां असें इंजेक्शन कोणी देऊं केलें, तर घरच्या शहाण्या माणसानें दोन प्रश्न अवश्य विचारावे. त्या पेशी तेथें काय खाऊन जगणार? आणि ही क्रिया कोणी पाहिली, कोणी तपासली?

पुण्याजवळच्या त्या अनामिक कारागिरानें आपली क्रिया दोन परक्या डॉक्टरांस उघडपणें पाहूं दिली, म्हणूनच ती जगास मिळाली. 1998 सालीं नाशिकांत आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झालें, आणि आधुनिक वैद्यक व आयुर्वेद यांचे विद्यार्थी त्याच्या एका छत्राखालीं आले. सुश्रुताचा अभिमान बाळगणें त्यांस सोपें आहे. पंचविसाव्या दिवसाची वाट पाहण्याचा त्या कारागिराचा धीर आणि पाहणाऱ्यासमोर काम करण्याचा त्याचा उघडेपणा त्यांनीं उचलला, तर नाकाच्या नांवाच्या या नगरीस कण्याच्या इतिहासांतही कांहीं स्थान मिळेल, अशी आशा करण्यास हरकत नाहीं.