दांडी, बादली आणि वीजबिल



'काटकसर' हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी देश सोडताना सांताक्रूझच्या विमानतळावरच ठेवला असावा. रॉकेलची रांग, पाण्याची पाळी, गेलेली वीज हे सगळं मागे टाकून आपण इथे आलो. इथे नळ सोडला की पाणी, बटण दाबलं की वीज. मग बादली, दांडी आणि कापडी पिशवी या गरिबीच्या खुणा वाटायला लागल्या, तर त्यात नवल ते काय? गंमत अशी, की आमच्या डब्लिनमध्ये (कॅलिफोर्नियातलं, आयर्लंडचं किंवा ओहायोचं नव्हे!) गेल्या पंचवीस वर्षांत सरकारनेच निदान तीनदा या गोष्टींकडे आपल्याला परत वळवलं. तो इतिहास एका जागी मांडावा म्हणून हा प्रपंच.

पहिली वेळ 2001 ची. 1996 साली राज्याने वीजबाजार खुला केला होता. 2000 च्या उन्हाळ्यात घाऊक वीजदर आकाशाला भिडले. त्यात एन्रॉनसारख्या व्यापाऱ्यांच्या करामतींचा मोठा हात होता, हे पुढे उघड झालं. (एन्रॉन म्हटल्यावर दाभोळ आठवलं ना? महाराष्ट्राने ते आधीच भोगलं होतं.) 2001 मध्ये सिलिकॉन व्हॅलीच्या आसपास चक्क लोडशेडिंग झालं आणि एप्रिलमध्ये पीजी अँड ई ने दिवाळखोरी जाहीर केली. त्या उन्हाळ्यात राज्याने '20/20' योजना आणली: मागच्या उन्हाळ्यापेक्षा 20 टक्के वीज कमी वापरा, बिलात 20 टक्के सूट घ्या. डॉट कॉमचा फुगा फुटून नोकऱ्या जात होत्या, त्यामुळे अनेक घरांना ही सूट हवीच होती. नको तिथले दिवे बंद करणं, दुपारी पडदे ओढून घेणं, रात्री खिडक्या उघडून घर गार करणं, हे सगळं आपल्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसरी वेळ दुष्काळाची. डब्लिनला स्वतःची मोठी नदी नाही. इथलं बरंचसं पाणी उत्तरेकडच्या डोंगरांतलं, स्टेट वॉटर प्रोजेक्टच्या कालव्यांतून येणारं. जानेवारी 2014 मध्ये राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी दुष्काळी आणीबाणी जाहीर केली, आणि महिनाअखेरीस त्या प्रकल्पाने कळवलं, की यंदा वाटप शून्य टक्के! पुढे थोडं पाणी मिळालं, पण धक्का बसायचा तो बसला. एप्रिल 2015 मध्ये शहरी पाणीवापरात राज्यभर 25 टक्के कपात सक्तीची झाली.

तेव्हा आमच्या पाणीपुरवठा संस्थेने, म्हणजे डब्लिन सॅन रॅमोन सर्व्हिसेस डिस्ट्रिक्टने, एक नामी गोष्ट केली. सांडपाणी शुद्ध करून मिळणारं पाणी 2014 पासून घरगुती ग्राहकांना बागेसाठी फुकट द्यायला सुरुवात केली. पिंप, कॅन, जे असेल ते गाडीत टाकायचं आणि शुद्धीकरण केंद्रावर जाऊन भरून आणायचं. एक गॅलन पाणी म्हणजे जवळजवळ सव्वाआठ पाउंड. 50 गॅलनचं पिंप 400 पाउंडांच्या वर जातं! बीएमडब्ल्यूतून पाणी वाहणारे लोक बघून मला थेट टँकरपुढची रांग आठवायची. आणि त्याच सुमारास, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पोचत होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. इथे लॉन वाचवायचं होतं, तिथे घसा ओला करायचा होता. हा फरक विसरून चालणार नाही.

तिसरी वेळ मला सगळ्यांत जवळची. नव्या वसाहतींत घर घेतलं की घरमालक संघटनेची नियमावली हातात पडते. आमच्या संघटनेने एकदा पत्र पाठवलं, की मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे 'परिसराच्या शोभेला बाधक' आहेत. आईच्या नऊवारीने शोभा जाते, हे वाचून राग आला. ऑक्टोबर 2015 मध्ये आमदार पॅटी लोपेझ यांच्या विधेयकावर ब्राऊन यांनी सही केली आणि 1 जानेवारी 2016 पासून अशा संघटनांना आपल्या खासगी अंगणातल्या दोरीला किंवा स्टँडला सरसकट मनाई करता येत नाही. बाल्कनीचा कठडा मात्र दोरी म्हणून धरला जात नाही, हे लक्षात ठेवा.

आता पैशांचं बोलू. विजेवरचा ड्रायर एका खेपेला साधारण तीन युनिट खातो. सध्या युनिटला 40 सेंटच्या आसपास धरले, तर खेपेला सव्वा डॉलर. आठवड्याला चार खेपा म्हणजे वर्षाला सुमारे 250 डॉलर. डब्लिनच्या कोरड्या उन्हाळ्यात कपडे तासा-दोन तासांत खडखडीत वाळतात, तर हे पैसे का जाळायचे? बादलीचा हिशेब वेगळा. शॉवरचं पाणी गरम होईपर्यंत दोन मिनिटं खाली बादली ठेवली, तर 13-14 लिटर सहज जमतं. त्यात डॉलर फारसे वाचत नाहीत, पण कढीपत्ता आणि तुळस जगते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. जुनं ते सगळं सोनं, असं माझं म्हणणं नाही. वाड्याच्या हौदावरून हंडे कोण आणत होतं? काठीने उंच दांडीवर ओली लुगडी कोण चढवत होतं? 1972 च्या दुष्काळात मैलोगणिक पाण्यासाठी कोण चाललं? आपल्या आया, आज्या. त्यांच्या काटकसरीचं कौतुक झालं, पण कष्ट कुणी वाटून घेतले नाहीत. ड्रायर आणि डिशवॉशर आले तेव्हा त्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला असेल, तर त्यांना दोष देण्याचा आपल्याला काय अधिकार?

तेव्हा मंडळी, ही काटकसर परत आणायची, तर तिच्यातले कष्टही वाटून घ्यायला हवेत. बादली मुलाने उचलावी, कपडे नवऱ्याने वाळत घालावेत, आणि वाचलेल्या पैशांचं काय करायचं ते घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावं. नाहीतर पर्यावरणाच्या नावाखाली आपण फक्त जुनंच ओझं जुन्याच डोक्यावर परत ठेवू.