माळरानावरची सडपातळ पाल

पाल म्हटले की घराची भिंत आणि विजेचा दिवा डोळ्यांसमोर येतो. मात्र घरातील पालीच्याच प्रजातीतील काही जाती उघड्या माळावर, दगडाखाली आयुष्य काढतात. हेमिडॅक्टिलस ग्रॅसिलिस ही त्यांपैकी एक. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील विल्यम ब्लॅनफर्ड यांनी 1870 मध्ये तिचे प्रथम वर्णन केले, तेही वऱ्हाडातील नमुन्यांवरून. आजचा वाशीम जिल्हा (तेव्हाचे बासीम) याच वऱ्हाडाचा भाग. ‘ग्रॅसिलिस’ म्हणजे सडपातळ.

फिकट तपकिरी अंगावर गडद डागांच्या रांगा असल्याने मुरमाड जमिनीवर ती सहसा नजरेस पडत नाही. भिंतीवर चढण्याची फारशी गरज नसल्यामुळे तिच्या बोटांखालील चिकटपट्ट्या घरपालीपेक्षा कमी असतात.

उन्हाळ्यात वऱ्हाडातील पारा 40 अंशांपलीकडे जातो. या उन्हावर पालीचा मुख्य उपाय म्हणजे वेळ बदलणे. दिवस दगडाखाली, शिकार रात्री. पाणी वाचवण्यासाठी ती पातळ मूत्राऐवजी घट्ट यूरिक आम्ल टाकते; तिच्या काळ्या विष्ठेच्या टोकाचा पांढरा ठिपका तो हाच. पापण्या नसल्याने डोळ्यांवरील पारदर्शक आवरण ती जिभेने पुसते. उभी बाहुली दिवसा फटीएवढी अरुंद होते, रात्री विस्फारते. वायव्य आफ्रिकेतील एका पालीला चंद्राच्या मंद प्रकाशातही रंग ओळखता येतात, हे 2004 मध्ये सिद्ध झाले. त्याच प्रकाशात माणसाला सारे करडेच दिसते. संकटात शेपूट तोडून पळणे सर्वपरिचित आहे, पण त्याची किंमत मोठी. शेपटीत साठवलेली चरबीही जाते आणि नवी शेपूट पूर्वीसारखी होत नाही. मादी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते.

भारतातील एकही पाल विषारी नाही, तरीही ती दिसताच ठेचली जाते. त्याहून मोठा धोका जमिनीच्या नोंदीत आहे. झुडपी माळ सरकारी नकाशांत ‘पडीक’ म्हणून दाखवला जातो आणि पडीक म्हटले की नांगर, खाणी वा वृक्षारोपण तेथे पोहोचते. वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्याचा माळ काळविटांमुळे संरक्षित आहे. इतरत्र धोंडे वेचून शेत साफ केले, की दिवसाचा आसराच नाहीसा होतो; उघड्यावर पडलेली पाल भर उन्हात काही वेळातच दगावते.