कापसाची मोटार

मंडळी, कापसापासून काय काय होते, असा प्रश्न वर्गात विचारला तर मुले पटापटा उत्तरे देतील. सूत होते, कापड होते, गादी होते, समईची वात होते. सरकीचे तेल निघते आणि पेंड गुरांना घालता येते. पण एखादा मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, कापसाची मोटार होते", तर सारा वर्ग हसेल आणि कदाचित गुरुजीही हसतील. तरी त्या मुलाचे उत्तर खोटे ठरणार नाही. कापसाच्या टाकाऊ तंतूंपासून जिचे अंग घडवले, अशी एक मोटार पूर्व जर्मनीत १९५७ साली निघाली. तिचे नाव ट्राबांट. लोक लाडाने तिला ट्राबी म्हणत. एक नाही, दोन नाही, तीस लाखांहून जास्त ट्राबी तयार झाल्या. जगाने तिची पुष्कळ थट्टा केली. आज तिची हकिगत सांगायची आहे ती मात्र थट्टेसाठी नव्हे. हुशार माणसांनी घडवलेली चांगली वस्तू पुढे मागासलेली का ठरते, हे समजून घेण्यासाठी ती सांगायची.

गोष्ट सुरू होते जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या त्स्विकाऊ या गावात. आउगुस्ट होर्ख नावाच्या एका कसबी इंजिनिअराने १९०४ साली आपला मोटारींचा कारखाना या गावी आणला. पुढे भागीदारांशी त्याचे बिनसले. १९०९ साली तो आपल्याच कारखान्यातून बाहेर पडला आणि त्याच गावात त्याने दुसरा कारखाना काढला. पण जुन्या कंपनीने तक्रार केली की, होर्ख हे नाव आमचे आहे, ते तुम्हाला वापरता येणार नाही. आता पाहा, माणसाचे स्वतःचे नाव, पण त्यालाच बंदी! नव्या नावासाठी मंडळी एका मित्राच्या घरी विचार करीत बसली होती. तिथे त्या मित्राचा शाळकरी मुलगा लॅटिनचा अभ्यास करीत होता. होर्ख या शब्दाचा जर्मन भाषेत अर्थ होतो 'ऐक'. मुलाने सुचवले की, त्याचे लॅटिन करा. लॅटिनमध्ये 'ऐक' म्हणजे 'ऑडी'. आज मोठ्या शहरांतून चार कड्यांचे चिन्ह मिरवीत जी महागडी ऑडी फिरते, तिचे नाव असे एका विद्यार्थ्याने ठेवलेले आहे. ती चार कडी म्हणजे १९३२ साली एकत्र आलेल्या चार कंपन्या. त्यांतली डी.के.डब्ल्यू. ही लहान, स्वस्त मोटारींसाठी नावाजलेली होती आणि तिच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या मोटारी त्स्विकाऊलाच तयार होत. तेव्हा मोटार बांधण्याची विद्या या गावाच्या अंगात मुरलेली होती, हे ध्यानात ठेवा.

१९४५ साली महायुद्ध संपले. जर्मनीची वाटणी झाली आणि त्स्विकाऊ रशियाच्या वाट्याला गेले. युद्धाची भरपाई म्हणून कारखान्यातली यंत्रे उखडून नेण्यात आली. कंपनीतले काही जण पश्चिमेकडे गेले आणि त्यांनी १९४९ साली इंगोलश्टाट या गावी नवा संसार थाटला. ऑडी हे नाव तिकडे १९६५ साली पुन्हा वर आले. त्स्विकाऊला उरले ते रिकाम्या झालेल्या इमारती आणि कामगारांचे हात. एका घरातले दोन भाऊ वेगळे निघावेत, एकाला बागायत मिळावी आणि दुसऱ्याला माळरान, तसा हा प्रकार झाला.

या माळरानावरच्या भावाला १९५० नंतर सरकारने हुकूम केला की, सामान्य माणसासाठी छोटी मोटार बनवा. मोटार बनवायची तर पत्रा पाहिजे, आणि मोटारीच्या अंगाला लागतो तो साधा पत्रा नव्हे. साच्यात दाबला की न फाटता वाकेल, असा उत्तम पोलादी पत्रा लागतो. तो पूर्व जर्मनीत पुरेसा होत नव्हता. पश्चिमेकडून विकत घ्यावा, तर तिकडच्या देशांनी अशा मालावर निर्बंध घातलेले. मग करायचे काय?

इथे त्या इंजिनिअरांनी कोंड्याचा मांडा केला. रशियातून कापूस येत होता. त्यातला जो आखूड, सुताला निरुपयोगी तंतू उरे, तो त्यांनी घेतला. त्याचे थर पसरून त्यात फिनॉलची राळ मुरवली. ही राळ म्हणजे परकी चीज समजू नका. घरातली जुनी काळी विजेची बटणे आणि कुकरच्या मुठी ज्या बेकेलाइटच्या असतात, तीच ही जात. मग तो थर तापलेल्या साच्यात घालून जबर दाबाखाली ठेवायचा. राळ पिकली की मोटारीचे दार, छप्पर किंवा चाकावरचे पंख असा घट्ट, हलका तुकडा बाहेर निघे. त्याला ड्युरोप्लास्ट म्हणत. आत पोलादी सांगाडा असे आणि त्यावर हे तुकडे बसवीत. याला गंज म्हणून चढत नसे. लोकांनी तिला 'पुठ्ठ्याची गाडी' म्हणून हिणवले, पण पुठ्ठा तो नव्हेच. १९५५ साली पी ७० नावाच्या मोटारीवर हा प्रयोग करून पाहिला आणि तो जमला.

७ नोव्हेंबर १९५७ रोजी त्स्विकाऊला पहिल्या ट्राबांट मोटारींचे काम सुरू झाले. त्याच्या महिनाभर आधी रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला होता. ट्राबांट या शब्दाचा अर्थही उपग्रह, सोबती असाच आहे. मोटारीचे इंजिन दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक, अवघ्या १८ अश्वशक्तीचे. टू-स्ट्रोक म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप ज्याने पाठीवर घेतला आहे, त्याला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याची कटकट आणि तो निळसर धूर दोन्ही ठाऊक आहेत. ट्राबीचेही तसेच. इंजिन हवेने थंड होई, त्यामुळे पाणी भरणे नाही आणि कडाक्याच्या थंडीत ते गोठण्याची भीती नाही. पेट्रोलची टाकी इंजिनाच्या वरच बसवलेली, म्हणजे पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरे, पंपाची गरज नाही. टाकीत किती उरले हे पाहायला काटाही नव्हता. झाकण उघडायचे आणि पट्टी बुडवून बघायचे, जशी आपण पाण्याच्या टाकीत काठी घालून बघतो. सारे वजन सुमारे ६०० किलो आणि आत चार माणसे बसत.

आता कुणी म्हणेल, ही काय मोटार झाली! पण १९५७ साल डोळ्यांपुढे आणा. त्या काळी पश्चिम जर्मनीची डी.के.डब्ल्यू. आणि स्वीडनची साब याही टू-स्ट्रोकच होत्या. पश्चिम जर्मनीच्या प्रसिद्ध बीटलचे इंजिन मागे होते. ट्राबीत मात्र इंजिन पुढे आडवे बसवून पुढची चाके फिरवीत. हीच आडव्या इंजिनाची रचना १९५९ साली इंग्लंडच्या मिनी मोटारीने जगभर गाजवली आणि आज बहुतेक लहान मोटारी तशाच असतात. सांगण्याचा मुद्दा असा की, जन्माच्या वेळी ट्राबी मागासलेली नव्हती. चार पावले ती पुढेच होती.

१९६४ साली तिचे नवे रूप आले, ट्राबांट ६०१. इंजिन सुमारे ६०० घनसेंटिमीटरचे, पुढे त्याची ताकद २६ अश्वशक्ती झाली. आणि मंडळी, इथेच घड्याळ थांबले. किरकोळ सुधारणा होत राहिल्या, पण १९६४ ची ट्राबी आणि १९८९ ची ट्राबी शेजारी उभ्या केल्या तर थोरली कोण आणि धाकटी कोण हे ओळखायला जाणकार लागे. पंचवीस वर्षांत जगातल्या मोटारी कुठल्या कुठे गेल्या, ही मात्र जागच्या जागी.

असे का झाले? इंजिनिअर आळशी झाले होते काय? मुळीच नाही. त्यांनी १९६६ च्या सुमारास पी ६०३ नावाची नवी मोटार तयार करून रस्त्यावर चालवून पाहिली. तिला मागे वर उघडणारे मोठे दार होते. तशा घाटाची गोल्फ मोटार पश्चिम जर्मनीत १९७४ साली निघाली आणि तिने बाजार जिंकला. पण पूर्व जर्मनीच्या राज्यकर्त्यांनी १९६८ साली पी ६०३ चे काम बंद करायला लावले. पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या जोडीने आणखी एक नवी मोटार आखली. तेही काम १९७९ साली थांबवले. नव्या मोटारीला नवी यंत्रे लागतात, पैसा लागतो. वरच्यांचे म्हणणे पडले की, आहे ती खपते आहे ना, मग खर्च कशाला?

आणि खपत तर होतीच! नुसती खपत नव्हती, तिच्यासाठी रांग होती. अठरा वर्षे पूर्ण झाली की माणूस मोटारीसाठी नाव नोंदवी आणि गाडी हातात येई तेव्हा दहा-बारा वर्षे उलटलेली असत. तोवर त्याचे लग्न होऊन पोरे शाळेत जाऊ लागत. किंमत सरकारने ठरवलेली, म्हणून मौज अशी की वापरलेली ट्राबी नव्या ट्राबीहून महाग विकली जाई, कारण ती आज मिळे. आपल्याकडे हे अगदीच अनोळखी नाही. माझ्या वडिलांनी स्कूटरसाठी नंबर लावला होता आणि तो लागेपर्यंत ते सायकलीवरून कामाला जात राहिले, ही गोष्ट आमच्या घरी अजून सांगतात. तुमच्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनाही ते दिवस आठवत असतील.

आता विचार करा. ज्या दुकानापुढे दहा वर्षांची रांग आहे, त्या दुकानदाराला माल सुधारावासा का वाटेल? गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत नाही, तक्रार केली तरी ऐकणारा कोणी नाही. अडला हरी, दुसरे काय! ट्राबीचे नुकसान पत्र्याच्या टंचाईने झाले नाही. टंचाईतून तर ती जन्माला आली होती. तिचे नुकसान झाले ते या रांगेने.

लोक मात्र तिच्यावर जीव लावीत. एवढ्या वर्षांनी आलेली गाडी, ती जपायलाच हवी. बिघाड झाला तर मालक स्वतःच बाह्या सरसावून बसे. साधे यंत्र असल्यामुळे त्याला ते उमगे. सुटे भाग मिळणे कठीण, म्हणून मिळाले की घरात साठवून ठेवीत. बैल म्हातारा झाला तरी दावणीला ठेवावा, तसे या गाडीचे होते.

मग उजाडले १९८९ साल. त्या उन्हाळ्यात हंगेरीने आपल्या सरहद्दीवरचे काटेरी कुंपण काढायला सुरुवात केली आणि ११ सप्टेंबरला ती वाट पूर्व जर्मन लोकांसाठी उघडली. हजारो कुटुंबे ट्राबीत सामान भरून निघाली. काही प्राग शहरी पोहोचली, तिथल्या पश्चिम जर्मन वकिलातीत शिरली आणि बारा वर्षे वाट पाहून मिळालेली गाडी रस्त्यात सोडून गेली. किती जड मनाने किल्ली काढली असेल! ९ नोव्हेंबरच्या रात्री बर्लिनची भिंत उघडली. निळा धूर सोडीत ट्राबींची रांग पश्चिमेत शिरली तेव्हा तिकडचे अनोळखी लोक टाळ्या वाजवून तिच्या छपरावर थापा मारीत होते. ज्या गाडीची टवाळी होत असे, ती त्या रात्री मुक्ततेची खूण बनली.

पण गरज सरो आणि वैद्य मरो! १ जुलै १९९० रोजी पूर्वेत पश्चिमेचे चलन सुरू झाले. लोकांच्या हाती खणखणीत नाणे आले आणि समोर पश्चिमेच्या मोटारी आल्या. रांग एका दिवसात मोडली. फोल्क्सवॅगनच्या परवान्याचे नवे चार-स्ट्रोक इंजिन त्याच वर्षी ट्राबीत बसवले होते, पण त्याला वीस वर्षे उशीर झाला होता. ३० एप्रिल १९९१ रोजी शेवटची ट्राबी कारखान्यातून बाहेर पडली. एकूण संख्या भरली ३०,९६,०९९. हजारो कामगारांना दुसरी वाट शोधावी लागली. ड्युरोप्लास्ट पुन्हा वितळवता येत नाही, त्यामुळे टाकून दिलेल्या गाड्यांचे करायचे काय, हाही एक प्रश्न होऊन बसला. जी गंजत नाही ती मरतही नाही!

त्स्विकाऊ मात्र संपले नाही. गावाशेजारी मोझेल इथे फोल्क्सवॅगनने कारखाना काढला आणि २०१९ पासून तिथे विजेवर चालणाऱ्या मोटारी तयार होऊ लागल्या. जुन्या जागेत होर्खच्या नावाचे संग्रहालय आहे, तिथे ट्राबीही मानाने उभी आहे. कसब त्या गावात पहिल्यापासून होते, ते मध्यंतरी कुठे गेलेही नव्हते. त्याला फक्त वाव नव्हता.

शिक्षक मित्रहो, ही हकिगत वर्गात सांगाल तेव्हा मुलांना त्या मोटारीला हसू द्या. मग विचारा की, कापसाच्या कचऱ्यातून मोटार काढणारी माणसे कमी अकलेची कशी असतील? मुले आपोआप पुढचा प्रश्न विचारतील. ज्या गावातल्या कारखान्याचे नावच मुळी 'ऐक' असे होते, तिथे इंजिनिअर सांगत होते, गिऱ्हाईक सांगत होते, आणि ऐकणाऱ्यांनी पंचवीस वर्षे ऐकले नाही. ट्राबीच्या उदयाचे श्रेय त्या इंजिनिअरांना आणि कामगारांना आहे. ऱ्हासाचा दोष त्यांच्या माथी मारू नये, एवढेच आपण तरी करू या.